हिंगोलीच्या रिसाल्यापासून लष्करप्रमुखपदापर्यंत

पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा. हिंगोली शहरातल्या या वस्त्यांची नावे ऐकली की इथे कधीकाळी छावणी होती हे वेगळे सांगावे लागत नाही. निजामाच्या मुलखाचे हे टोक वऱ्हाडाला लागून असल्याने हैदराबाद कंटिंजंटचे पायदळ आणि घोडदळ आळीपाळीने इथे तळ ठोकून असे. अधिकारी इंग्रज, खर्च निजामाचा. तो खर्च थकला आणि १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले.

हिंगोलीने देशाला लष्करप्रमुख दिल्याची नोंद नाही. पण ज्या फौजेने इथे तळ ठोकला, तिच्या वंशवेलीत एक नव्हे, तर चार लष्करप्रमुख सापडतात.

या वेलीचे मूळ काही अभिमानाने मिरवावे असे नाही. १८१९ मध्ये शेजारच्या हदगाव भागातल्या नोव्ह्याच्या गढीत हटकर नौसाजी नाईक निजामाविरुद्ध लढले. ती गढी ज्या फौजेने घेतली, तिच्या पलटणींना पुढे ‘नोवा’ हा युद्धसन्मान मिळाला. १९०३ मध्ये कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाले. पायदळाची १९२२ मध्ये १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिला कुमाऊं हे नाव मिळाले. घोडदळाचे झाले डेक्कन हॉर्स.

हैदराबाद-कुमाऊं परंपरेतले तीन अधिकारी लष्करप्रमुख झाले. पहिले सत्यवंत मल्लन्ना श्रीनागेश. त्यांचा जन्म १९०३ चा, कोल्हापूरचा. वडील निजामाचे वैद्य. सँडहर्स्टमधून बाहेर पडल्यावर ते पुढे याच रेजिमेंटमध्ये आले, १९५५ ते १९५७ या काळात लष्करप्रमुख होते आणि पुढे राज्यपालही झाले. दुसरे थिमय्या आणि तिसरे रैना.

थिमय्यांच्या कारकिर्दीशी एका मराठी सेनानीचे नाव जोडलेले आहे. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नेतृत्व भारतीयांकडे होते. थिमय्यांकडे हैदराबाद रेजिमेंटची आठवी पलटण, सेन यांच्याकडे बलुच आणि कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात यांच्याकडे पंजाब. तिघांनाही डीएसओ हा शौर्यसन्मान मिळाला. पुढे थिमय्या लष्करप्रमुख झाले, थोरात पूर्व विभागाचे प्रमुख. चीनच्या सीमेवर काय होऊ शकते याचा अहवाल थोरातांनी १९५९ मध्येच दिला होता. थिमय्यांना आपल्यामागे थोरात हवे होते. सरकारने थापर यांना निवडले. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी चीनने हल्ला केला. वरच्या पदांवर गुणवत्तेइतकेच दिल्लीचे मनही चालते, ते असे.

चौथे लष्करप्रमुख घोडदळाच्या शाखेतले: अलिबागला जन्मलेले अरुणकुमार वैद्य. १९६५ मध्ये ते डेक्कन हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर होते. रिसाल्याच्या घोड्यांची जागा आता जुन्या शर्मन रणगाड्यांनी घेतली होती आणि समोर होते पाकिस्तानचे नवे पॅटन. असल उत्तरच्या त्या लढाईत त्यांना महावीरचक्र मिळाले. १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत सुरुंगांच्या पट्ट्यातून चिलखती ब्रिगेड पार नेल्याबद्दल दुसरे. १९८३ मध्ये ते लष्करप्रमुख झाले. १९८४ मध्ये ब्लू स्टार कारवाई झाली ती त्यांच्याच काळात. निवृत्त होऊन पुण्यात राहत असताना १० ऑगस्ट १९८६ रोजी भर रस्त्यात त्यांची हत्या झाली.

हेरखात्याचा धागाही याच छावणीतून जातो. मेडोज टेलर या निजामाच्या नोकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ च्या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीची हकिकत सांगितली आहे. हरिसिंग नावाचा इथला प्रतिष्ठित व्यापारी. खुद्द टेलरचाही त्याच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार. मुंबईहून कापड आणायचे म्हणून त्याने कॅप्टन रेनॉल्ड्सकडून परवाना घेतला. वाटेत त्या मालाच्या खऱ्या मालकाचा त्याच्या माणसांसह खून केला आणि तोच माल छावणीत राजरोस विकला. तो ठगांचा म्होरक्या निघाला. पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पुरलेली प्रेते माफीच्या साक्षीदारांनी दाखवली, तेव्हा टेलर तिथे हजर होता.

माफीचे साक्षीदार, टोळ्यांच्या वंशावळी आणि दूरदूरच्या नोंदींचा मेळ यांवर ठगांच्या बंदोबस्तासाठी इंग्रज अधिकारी स्लीमनचे ठगी खाते उभे राहिले. १९०४ मध्ये ते बंद करून केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता विभाग स्थापन झाला, त्यातून इंटेलिजन्स ब्युरो घडला आणि १९६८ मध्ये ‘रॉ’ त्यापासून वेगळी झाली. या ‘रॉ’मध्ये काम केलेले, नागपुरात अभियांत्रिकी शिकलेले हेमंत करकरे परदेशातली जबाबदारी संपवून राज्यात परतले आणि दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख झाले. हेरखात्यातली कारकीर्द लोकांसमोर येत नाही. करकऱ्यांचे नाव घराघरांत पोचले ते २६ नोव्हेंबर २००८ ला हौतात्म्य आल्यावर. नंतर त्यांना अशोकचक्र मिळाले.

आज हिंगोलीत छावणी नाही, राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे. भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारी मुले बहुतेक शिपाईपदाकडे बघतात. अधिकारी होण्याची वाट त्यांच्यापर्यंत उशिरा पोचते. ती वाट सुरू होते दहावीच्या वर्षात. राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरात आहे. तिथे प्रवेश परीक्षेतून निवडलेल्या मुलांकडून अकरावी-बारावीबरोबरच एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, तयारी करून घेतली जाते. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीत शिकलेले मनोज नरवणे एनडीएतूनच गेले आणि २०१९ च्या अखेरीस लष्करप्रमुख झाले. २०२२ पासून एनडीएत मुलीही दाखल होऊ लागल्या असून, त्यांच्या तयारीसाठी सरकारने नाशिकला स्वतंत्र संस्था काढली आहे. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा इथल्या शाळांच्या सूचनाफलकांवर या दोन्ही संस्थांच्या अर्जाच्या तारखा वेळेत लागायला हव्यात.