भाताची नाव झाली पाहुण्यांचे घर

पारोळ्याच्या बाजारात शेतमाल बैलगाडीने यायचा, हे तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पुढे ट्रक आणि ट्रॅक्टर आले आणि कितीतरी गाड्या गोठ्याच्या भिंतीला टेकल्या. केरळातल्या कुट्टनाड भागात हीच गोष्ट नावेच्या बाबतीत घडली. पण तिथली नाव पुन्हा पाण्यात उतरली, आणि कशी उतरली ते वाचण्यासारखे आहे.

कुट्टनाडची कितीतरी शेती समुद्राच्या पातळीहून खाली आहे. काही ठिकाणी तर २ मीटरपर्यंत. शेताला मातीचे बांध घालायचे, आतले पाणी उपसायचे आणि मग भात पेरायचा. आपण मोटेने विहिरीचे पाणी शेतात आणत होतो; ते पायाने लाकडी चक्र फिरवून शेतातले पाणी बाहेर काढत होते! पुढे तिथेही पंप आले. या शेतीपद्धतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान दिला.

चोहीकडे पाणी असल्यावर भात बाजारात न्यायचा कसा? त्यासाठी ‘केट्टुवळ्ळम’ होती. मल्याळम भाषेत केट्टु म्हणजे बांधणे आणि वळ्ळम म्हणजे नाव. या नावेला एकही खिळा नसे. रानफणसाच्या जातीच्या आंजिली झाडाच्या फळ्यांना भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने शिवत. फटींत काथ्या ठासत आणि वरून काजूच्या टरफलांपासून केलेला काळा लेप देत. मोठ्या नावेत ३० टनांपर्यंत, म्हणजे ३०० क्विंटल माल मावे. नावाडी लांब बांबूने नाव रेटत भात, नारळ, मिरी घेऊन अलप्पुळा आणि कोचीकडे जात. रांधणे, जेवणे, झोपणे सारे नावेतच होई.

मग रस्ते झाले, पूल झाले आणि माल ट्रकने जाऊ लागला. नावा काठावर कुजू लागल्या. १९९० नंतरच्या काळात काही जणांनी या जुन्या नावांवर बांबू आणि चटयांचे छप्पर चढवले, आत खोल्या, न्हाणीघर व स्वयंपाकघर केले. देशोदेशीचे पाहुणे येऊ लागले. नावाडी, सुतार, आचारी आणि काथ्या वळणारे यांना काम मिळाले. पुढे तर राहण्यासाठी म्हणून नव्याच नावा बांधल्या जाऊ लागल्या. आपल्या कोकणातही तारकर्लीला अशा घरनावा आल्या.

पण वाचकहो, या धंद्याला दुसरी बाजूही आहे. बांबूच्या जागी डिझेलची इंजिने आली. इंजिनाचे तेल आणि खोल्यांतले मैलापाणी वेंबनाड सरोवरात जाऊ लागले. त्याच पाण्यावर तिथली मासेमारी चालते, काठाला तोच भात पिकतो. ज्या शेतकऱ्याने नाव बांधली, त्याच्याच दारात घाण येऊ लागली. म्हणून मैलापाणी टाकीत साठवून शुद्ध करण्याचे नियम झाले. ते किती काटेकोर पाळले जातात, यावरच पुढचे सारे अवलंबून आहे.

तुम्ही कधी केरळच्या सहलीला गेलात, तर नावेत पाय ठेवण्याआधी मालकाला दोन गोष्टी जरूर विचारा. नाव जुन्या पद्धतीने शिवलेली आहे का? आणि तिचे मैलापाणी कुठे जाते? गिऱ्हाईकच विचारू लागले, म्हणजे मालकालाही नीट उत्तर तयार ठेवावे लागते.