पेढा गोड, पण पेढाच लागेना!

साताऱ्याचा एक कंदी पेढा घ्या. डोळे मिटा, दोन बोटांनी नाक गच्च दाबा आणि पेढा तोंडात टाका. काय लागतंय? गोड. आणखी? रवाळ रवाळ काहीतरी, बास! आता चावता चावता नाक सोडा. आला की नाही खरपूस भाजलेला खवा? हा प्रयोग मोठ्या माणसांवर जास्त रंगतो, कारण त्यांचा आधी विश्वासच बसत नाही.

सांगलीच्या भडंगाचंही तेच. नाक दाबून खाल्लं तर खारट लागेल, तिखट झोंबेल, पण लसूण गायब. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू एवढं कळतं, आणि उमामी नावाची मटणाच्या रश्श्यात असते तशी एक चव. तिखट ही तर चवच नव्हे, ती आग! बाकीची सगळी मजा नाकाची. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागच्या वाटेनं वर नाकात चढतो, आणि आपण मात्र म्हणतो, ‘काय चव आहे!’ कौतुक होतं ते जिभेचं.

आता मार्च २०२० मध्ये जाऊ. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले होते. ताप, खोकला, धाप यांवर सगळ्यांची नजर होती. नाकाकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. त्याच महिन्यात ब्रिटनमधल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की अचानक वास येईनासा होणं हीसुद्धा या आजाराची खूण असू शकते. आपल्या केंद्र सरकारनं ते लक्षणांच्या यादीत घातलं १३ जून २०२० ला. तोवर ‘चहाला काही वासच नाही’ असं म्हणणाऱ्याला घरच्यांनी ‘सर्दी झाली असेल’ म्हणून गप्प केलं असणार.

पण सर्दीत वास जातो तो बहुतेक वेळा नाक चोंदल्यामुळे. वास घेऊन येणारी हवा वर पोचतच नाही. कोरोनात मात्र अनेकांचं नाक अगदी मोकळं होतं. शिंक नाही, शेंबूड नाही, तरी वास नाही! मग अडलं कुठं?

नाकाच्या पार वरच्या टोकाला, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध आत, एक छोटासा पातळ पडदा असतो. त्यात वास ओळखणाऱ्या लाखो पेशी असतात. त्या चक्क मज्जापेशी असतात, आणि बाहेरच्या हवेशी त्यांची थेट गाठ पडते! वास पकडणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक आपल्याकडे असतात, आणि एका पेशीवर साधारण एकाच प्रकारचा. हळदीच्या वासाला त्यातले काही जागे होतात, गुळाच्या वासाला दुसरे काही. त्यांच्या जोडणीवरून मेंदू ओळखतो, की ही हळद आणि हा गूळ. हे ग्राहक शोधून काढणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ चं नोबेल मिळालं.

सगळ्यांना वाटलं, विषाणूनं या मज्जापेशीच मारल्या असणार. शास्त्रज्ञांनी २०२० मध्येच तपासून पाहिलं आणि गंमत निघाली. कोरोनाच्या विषाणूला पेशीत शिरायला एक विशिष्ट प्रथिन लागतं, आणि वासाच्या मज्जापेशींवर ते जवळजवळ नसतंच! ते असतं शेजारच्या मदतनीस पेशींवर. या पेशी मज्जापेशींना आधार देतात, भोवतालचा ओलावा सांभाळतात, साफसफाई करतात. विषाणूनं गाठलं ते यांना.

गुऱ्हाळ पाहिलंय ना? गुळव्या कितीही तरबेज असला, तरी चुलवाणात जाळ घालणाराच आजारी पडला तर गूळ कसा होणार? इथंही तसंच. वास ओळखणारी पेशी जिवंत, पण तिची सगळी व्यवस्थाच कोलमडलेली. शिवाय विषाणूशी लढताना शरीरात जो गोंधळ उडतो, त्यात या मज्जापेशी आपले ग्राहक बनवणंच कमी करतात.

म्हणूनच अनेकांचा वास दोन-तीन आठवड्यांत परत आला. मदतनीस पेशी लवकर नव्या तयार होतात. मज्जापेशींना जास्त वेळ लागतो, पण त्याही नव्या होतात, आणि मला यातलं सगळ्यात मोठं आश्चर्य हेच वाटतं. शरीरातल्या बहुतेक मज्जापेशी एकदा गेल्या की गेल्या. नाकातल्या मात्र आयुष्यभर नव्यानं घडत राहतात. कधीकधी नव्या पेशींच्या तारा मेंदूत भलतीकडेच जुळतात, असं शास्त्रज्ञ मानतात. मग कॉफीला जळकट वास यायला लागतो आणि आवडीचं जेवण नकोसं होतं.

ज्यांचा वास लवकर परत येत नाही, त्यांना डॉक्टर नाकाचा अभ्यास देतात. जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये तो मांडला: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी यांचा वास रोज सकाळ-संध्याकाळ लक्ष देऊन घ्यायचा, बारा आठवडे. औषध नाही, सुई नाही, नुसतं हुंगायचं! तुमच्या शाळेत असा गृहपाठ मिळाला तर?

एक मात्र ध्यानात ठेवा. घरच्या सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वासाचं रसायन मिसळतात. त्यामुळे घरात कुणाला वास येत नसेल, तर गॅस सुटलाय का, दूध नासलंय का, हे हुंगून सांगायचं काम तुमच्याकडे घ्या. गॅसचा वास आला तर काडी ओढू नका, दिव्याचं बटण दाबू नका, लगेच मोठ्यांना हाक मारा. आणि महिना झाला तरी कुणाचा वास परतला नाही, तर त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवा.