तवंदी घाटातला पाऊस आणि टायरची खाच

बेळगावहून कोल्हापूरकडे येताना तवंदी घाट निपाणीकडे उतरतो. निपाणीहून उत्तूर-आजरामार्गे आंबोली गाठणारी वाट तर वर्षाला सुमारे 7000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या मुलखात शिरते. या भागातल्या गाडीची खरी परीक्षा जून ते सप्टेंबरमध्येच होते.

थंडीचा प्रश्न इथे लवकर निकालात निघतो. युरोपातले हिवाळी टायर मऊ रबराचे असतात आणि त्यांच्या नक्षीत बारीक चिरा असतात. पारा साधारण 7 अंशांखाली गेला की नेहमीचे, म्हणजे उन्हाळी टायर कडक होऊन पकड गमावतात; हिवाळी टायर तिथे टिकतात. निपाणीची जानेवारीतली पहाट सहसा एवढी उतरत नाही. उलट एप्रिलच्या तापलेल्या डांबरावर हिवाळी टायर लवकर झिजतील आणि ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबेल. थंडीचा एक परिणाम मात्र इथेही होतो: तापमान 10 अंशांनी उतरले की टायरमधली हवा सुमारे 2 पीएसआयने कमी होते.

आणि हवेचा पावसाशी थेट संबंध आहे. रस्त्यावर पाणी साचले असेल आणि वेग जास्त असेल, तर खाचांना ते पाणी बाजूला सारायला वेळच मिळत नाही. टायर पाण्यावर तरंगतो. स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. 1960च्या दशकात अमेरिकेच्या नासा संस्थेत वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या चाकांवरून याचे सूत्र मांडले. त्यानुसार 32 पीएसआय हवेच्या टायरला हा धोका ताशी 94 किलोमीटरच्या आसपास येतो, 25 पीएसआयला 83च्या आसपास. कारच्या टायरसाठी हे आकडे ढोबळ आहेत. नक्षी झिजलेली असेल तर धोका त्याहून अलीकडेच उभा असतो.

नव्या टायरची खाच साधारण 8 मिलिमीटर खोल असते. भारतात कारसाठी कायद्याची किमान मर्यादा 1.6 मिलिमीटर आहे. खाचेतल्या उंचवट्याशी नक्षी समपातळीत आली की ती मर्यादा गाठलेली असते. पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याआधीच बरीच घटते, म्हणून 3 मिलिमीटरलाच टायर बदलणे शहाणपणाचे. ‘गोटा झालाय, पण चालतोय अजून’ हे वाक्य घाटात जिवावर बेतते.

एसयूव्हीवाल्यांचा एक समज इथे तपासायला हवा. ठळक, जाड नक्षीचे ऑल-टेरेन टायर शेतवाटेच्या चिखलात चांगले. ओल्या डांबरावर मात्र चांगल्या रस्ता-टायरची पकड सहसा जास्त भरते. भारतात 1 ऑक्टोबर 2022पासून नव्या रचनेच्या टायरना ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा निकष लागू झाला, हेही खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावे.

दोनच नवे टायर घेतले, तर ते मागे लावावेत. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केल्यावर सावरता येते. मागचे घसरले तर ती गरकन फिरते.

वेदगंगेच्या पुराने 2019 आणि 2021 मध्ये यमगर्णीजवळ हाच बेळगाव-कोल्हापूर महामार्ग बंद पाडला होता. तसे पाणी आले, तर कोणत्याही टायरवर विसंबून पुढे जाऊ नये. बाकीच्या पावसाळ्यासाठी मे महिन्यातच खाच मोजून घ्या, आणि स्टेपनीची हवाही तपासा.