ताप गेला, सांधे राहिले

चिकुनगुन्या हे नाव पूर्व आफ्रिकेतल्या माकोंडे लोकांच्या भाषेतून आले. त्याचा अर्थ ‘वाकवून टाकणारा’. आजच्या टांझानियाच्या दक्षिण भागात १९५२-५३ मध्ये या तापाची साथ आली, तेव्हा सांधेदुखीने वाकून चालणारे रोगी पाहून ते नाव पडले. भारतात त्याची पहिली मोठी साथ १९६३ मध्ये कोलकात्यात आली आणि दहा वर्षांनी, १९७३ मध्ये, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. पुढे तीस-बत्तीस वर्षे हा रोग जवळपास विस्मरणात गेला. २००५-०६ मध्ये तो परतला आणि २००६ या एका वर्षात देशभरात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली.

ताप सहसा आठवड्याच्या आत उतरतो. सांधे मात्र मागे राहतात. मनगटे, घोटे, बोटांची पेरे सुजतात, सकाळी उठल्यावर पाऊल टेकवत नाही, पोळी लाटता येत नाही, नळ पिळता येत नाही. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत ओसरते, काहींचे महिनोन्‌महिने रेंगाळते. मग दवाखान्यात हमखास प्रश्न येतो: चिकुनगुन्याचा आता आमवात झाला का?

प्रश्न रास्त आहे, कारण दोन्ही दुखणी दिसायला सारखीच असतात. दोन्हींत हाताचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी धरतात आणि सकाळचा ताठरपणा तासभर टिकू शकतो. फरक मुळात आहे. चिकुनगुन्याचा विषाणू आठवडाभरात रक्तातून जातो, पण त्याने चेतवलेली प्रतिकारशक्ती शांत व्हायला वेळ घेते. आमवातात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये (आरए), ती शरीराच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते आणि उपचार झाले नाहीत तर कूर्चा व हाड कुरतडत राहते. चिकुनगुन्यात असे कुरतडणे क्वचित आढळते. म्हणून तीन महिन्यांनंतरही सूज उतरत नसेल, तर संधिवाततज्ज्ञाकडे जाणे योग्य.

येथे शब्दांचाही घोळ आहे. बोलण्यात ‘वात’ म्हटले की गुडघ्याची झीज, आमवात, गाउट असे सगळेच त्यात येते. माधवनिदान या जुन्या आयुर्वेद ग्रंथात आमवाताचे वेगळे प्रकरण आहे, म्हणजे हा भेद आपल्याकडे जुनाच, पण ओट्यावरच्या गप्पांत तो उरलेला नाही. झिजेचा गुडघा चालल्यावर अधिक दुखतो आणि विसाव्याने बरा वाटतो. आमवाताचे सांधे विश्रांतीने आखडतात, हालचालीने सैल होतात. आमवात म्हातारपणाचा रोग आहे, हाही गैरसमजच. तो तिशी-चाळिशीतही सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांत दोन-तीन पटींनी अधिक दिसतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघरी पाहणी केली. तीत दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला आमवात आढळला.

सर्वांत अधिक घबराट पसरवतो तो रक्ततपासणीतला ‘आरए फॅक्टर पॉझिटिव्ह’ हा शेरा. आमवाताच्या सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांत ही चाचणी निगेटिव्ह येते. उलट क्षयरोग, हिपॅटायटिस सी, काही विषाणूज्वर, इतकेच काय, धडधाकट वृद्धांतही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. अँटी-सीसीपी ही चाचणी अधिक नेमकी. तरी सुजलेला सांधा बोटांनी चाचपून पाहणारा डॉक्टर दोन्ही कागदांपेक्षा अधिक सांगतो. सांधे दुखत नसताना हौसेने केलेली आरए चाचणी म्हणजे पैसे देऊन काळजी विकत घेणे.

काही सांधे मात्र थांबायला वेळच देत नाहीत. एकच गुडघा किंवा खुबा अचानक लाल, गरम, टम्म सुजला आणि सोबत ताप असेल, तर आत पू असण्याची शक्यता धरावी लागते. जिवाणू काही दिवसांतच कूर्चा कायमची बिघडवतात, म्हणून त्याच दिवशी सुईने पाणी काढून तपासतात. क्षयाचे जंतू याच्या उलट, महिनोन्‌महिने संथपणे एखादा खुबा किंवा मणका पोखरतात. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी शाळकरी मुलाचे सांधे एकामागून एक सुजू लागले, तर संधिवाताचा ताप, म्हणजे र्‍हुमॅटिक फीव्हर, मनात आणावा. त्यात सांधे पूर्ण बरे होतात, पण हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते. म्हणूनच त्या मुलांना पेनिसिलिनची इंजेक्शने वर्षानुवर्षे घ्यावी लागतात.

आंबट, दही, टोमॅटो बंद करावे का? आमवातात त्याला आधार नाही. पथ्याचा खरा संबंध गाउटशी, आणि तिथेही बोट दह्याकडे नव्हे, दारू आणि मांसाहाराकडे जाते. दही सोडून हातचे कॅल्शियम तेवढे जाते.

औषधांबद्दलची भीती बहुधा मेथोट्रेक्सेटपाशी येऊन थांबते. ते कर्करोगाचे औषध म्हणून ओळखले जाते, हे खरे. (भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बराव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेतून ते पुढे आले.) आमवातात मात्र मात्रा पुष्कळच कमी, आणि आठवड्यातून एकदाच. ‘रोज एक’ असे समजून घेतले, तर तोंड येते, रक्तपेशी घटतात, जिवावर बेतते. म्हणून चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा. गर्भारपणात ते चालत नाही, त्यामुळे मूल हवे असल्यास आधीच डॉक्टरांशी बोलावे. बिननावाच्या पुड्यांनी दोन दिवसांत आराम पडला, तर त्यात स्टेरॉइड असण्याचा संशय घ्यावा. त्याने साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि दीर्घकाळ घेतलेले एकाएकी थांबवणेही धोक्याचे.

साध्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या आमवातासाठी बायॉलॉजिक इंजेक्शने आहेत. ती उलटलेल्या प्रतिकारशक्तीला आवर घालतात, पण हीच शक्ती अंगात दडलेल्या क्षयजंतूंनाही कोंडून ठेवत असते. ती ढिली पडली की क्षय उसळतो. त्यामुळे पहिल्या इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची चाचणी होते, आणि ती पॉझिटिव्ह आली तर आधी क्षयाचे औषध सुरू केले जाते.