गाडीच्या चाकालाही लागतो 'स्टॉपर'!



परिसर अभ्यासात वाहनांचा विषय निघाला की एखादं मूल हमखास विचारतं, "बाई, स्टिअरिंग गोल गोल फिरतच का नाही राहत? ते थांबतं का?" प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर देताना आपण अडखळतो. आज ते उत्तर समजून घेऊ. गाडीचे पुढचे भाग बदलल्यावर हाच मुद्दा जिवावर कसा बेतू शकतो, तेही पाहू.

आधी घरातलं उदाहरण

दाराच्या मागे, जमिनीवर किंवा भिंतीवर, एक छोटा स्टॉपर असतो. तो काढला तर काय होईल? दार उघडेलच, पण कडी भिंतीवर आपटेल, प्लास्टर उडेल, हळूहळू बिजागऱ्याही ढिल्या होतील. दार थांबणार हे नक्की. ते योग्य जागी थांबतं की नको तिथे आपटून थांबतं, एवढाच प्रश्न.

गाडीचंही अगदी तसंच आहे. पुढचं चाक ठरावीक कोनापर्यंतच वळावं म्हणून अडसर ठेवलेला असतो. त्याला 'स्टिअरिंग स्टॉप' म्हणतात. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत रॅक-पिनियन स्टिअरिंग असतं. तिथे दात्यांची पट्टी डावी-उजवीकडे सरकते आणि तिच्या टोकालाच मर्यादा येते. म्हणून तो अडसर बाहेरून दिसत नाही. अनेक जुन्या गाड्यांत मात्र तो उघडा दिसतो.

प्रश्न कुठे निर्माण होतो?

अमेरिकेत जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करण्याचा मोठा छंद आहे. १९६४ ते १९७२ या काळातली शेव्हरोले शेव्हेल ही त्यातली एक लाडकी गाडी. तिच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाकाला एक वरचा आणि एक खालचा आर्म असतो. चाक ज्या लोखंडी भागावर बसतं त्याला 'नकल' म्हणतात. चाक पूर्ण वळलं की नकलच्या बाजूचा भाग खालच्या आर्मवरच्या अडसराला टेकतो आणि वळणं थांबतं.

आता हौशी मंडळी मूळ पत्र्याचे आर्म काढून बाजारातले नळीचे आर्म बसवतात. हे दिसायला देखणे आणि मजबूत असतात, पण काहींवर तो अडसर नसतो. मूळ आर्म दोन कामं करत होता: चाक धरून ठेवणं आणि वळण थांबवणं. नवा आर्म पहिलं काम करतो, दुसरं करत नाही. आणि नेमकं हेच बसवताना कुणाच्या लक्षात येत नाही, कारण सरळ रस्त्यावर गाडी छान चालते!

अडसर नसेल तर काय होतं?

स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलं की मग जे आधी आडवं येईल तेच 'स्टॉपर' बनतं. बघा, काय काय असू शकतं:

• टायर आर्मला, चॅसीला किंवा अँटी-रोल बारला घासतो आणि कापला जातो.
• ब्रेकचा रबरी होस पाइप ताणला जातो किंवा टायरला घासतो. तो फुटला तर ब्रेकच जातो.
• बॉल जॉइंट त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त कोनात जाऊन अडकतो.
• स्टिअरिंग बॉक्स आतल्या टोकाला आपटतो. या बॉक्समध्ये छोट्या पोलादी गोळ्या फिरतात. जोडणी सुटी असताना स्टिअरिंग टोकापर्यंत जोरात फिरवू नका, गोळ्यांच्या मार्गिका खराब होतील, अशी सूचना सर्व्हिस मॅन्युअलमध्येच असते. म्हणजे धक्का सोसणं हे बॉक्सचं काम नाहीच.

मग स्टॉप बसवतात कसे?

१. आधी अलाइनमेंट. नव्या आर्ममुळे चाकाचे कोन बदलतात. ते ठीक करून स्टिअरिंग मधोमध आणायचं. हे नंतर केलं तर आधीची सगळी मापं फुकट जातात.

२. गाडी उचलून भक्कम स्टँडवर ठेवायची. नुसत्या जॅकवर कधीच नाही. जे टायर कायम वापरणार तेच लावायचे.

३. चाक हळूहळू एका बाजूला वळवायचं आणि सर्वांत आधी काय टेकतं ते शोधायचं. सस्पेन्शन पूर्ण खाली, मधे आणि पूर्ण वर, अशा तिन्ही स्थितींत हे बघायचं. मधल्या स्थितीत मोकळं फिरणारं चाक खड्ड्यात दबल्यावर घासू शकतं.

४. त्या पहिल्या टेकण्याच्या आधीच चाक थांबलं पाहिजे. वळताना टायर दबतो, म्हणून थोडी जास्त जागा सोडायची. बॉक्सचं आतलं टोक यायलाही थोडा फेरा शिल्लक हवा.

५. तिथे खालच्या आर्मवर जाड पट्टी वेल्ड करून त्यात बोल्ट आणि चेकनट बसवतात. बोल्ट आत-बाहेर करून माप जुळवायचं आणि चेकनट घट्ट आवळायचा. वेल्डिंगच्या उष्णतेने रबरी बुश आणि बॉल जॉइंट खराब होतात, म्हणून ते आधी काढायचे. नकलला मात्र वेल्डिंग करायचं नाही, उष्णतेने ती ठिसूळ होऊ शकते. हे काम अनुभवी वेल्डरचंच आहे. आर्म बनवणाऱ्याकडे तयार स्टॉप मिळत असेल तर तोच उत्तम.

६. डावीकडचं आणि उजवीकडचं वळण कोन मोजून सारखं करायचं. दोन्ही बोल्टची लांबी सारखी, म्हणजे वळणही सारखं, असं नसतं.

७. शेवटी टेकण्याची शक्यता असलेल्या जागी खडू लावायचा. हो, आपला फळ्याचा खडू! मोकळ्या मैदानात अगदी हळू, दोन्ही बाजूंना, पुढे आणि मागे गाडी फिरवायची. खडू पुसला गेला असेल तर अजून कुठेतरी घासतंय.

अडसर फार लवकर आणला तर गाडीला वळायला जास्त जागा लागते, हेही ध्यानात ठेवा.

आपल्याकडे काय?

पालकांनो, व्हिडिओ बघून मोठी मुलं असे बदल करायचा हट्ट धरतात. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू स्पष्ट केली. म्हणून आर्म, स्टिअरिंग अशा भागांना हात लावण्याआधी आरटीओत चौकशी करा. साध्या गाडीतही एक काळजी घ्या: पॉवर स्टिअरिंग शेवटच्या टोकाला दाबून धरू नका. जिथे पंप असतो तिथे तेल तापतं आणि पंपावर ताण येतो.

वर्गात करून बघा

पुठ्ठ्यावर एक पट्टी टाचणीने बसवा, मुलांना फिरवू द्या. मग दोन्ही बाजूंना आणखी एकेक टाचणी लावा. पट्टी तिथेच थांबेल. आता लांब आणि रुंद पट्टी लावून विचारा, "टाचण्या त्याच जागी चालतील का? कशावरून?" मुलं स्वतःच टाचण्या सरकवू लागतील. कुठलाही भाग बदलण्याआधी 'जुना भाग काय काय काम करत होता?' हा प्रश्न विचारायची सवय त्यांना इथूनच लागेल.

तुमच्या वर्गातली मुलं काय म्हणाली, ते जरूर कळवा.