काडीपैलवानाचा ताळेबंद

"तुम्हाला कसली साखर? काडीपैलवान तुम्ही!" मांडवीच्या जेटीवर फिरायला येणारी आमची मंडळी हसली. मलाही तसंच वाटत होतं. सारी नोकरी बँकेच्या खुर्चीत गेली, पण अंगावर मांस कधी चढलं नाही. तरी रक्ततपासणीत मधुमेह निघालाच.

हे कोडं पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी केव्हाच उलगडून ठेवलं आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हलकी, पण चरबी राखून असलेली. म्हणजे सुरुवात आईच्या पोटातच.

बँकेच्या भाषेत सांगायचं, तर मी नुसती बेरीज पाहत राहिलो. खाती तपासलीच नाहीत. आपल्याकडे कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. शिवणाच्या डब्यातली टेप काढली. माझी कंबर भरली ९४!

सौ.नी टेप हातातून घेतली आणि आमच्या सडसडीत चिरंजीवांना हाक मारली.