घरटी वाचली, मग पिल्लं कुठे गेली?

एप्रिल संपत आला की इथल्या कुरणांमध्ये बांबूच्या काड्या दिसायला लागतात. दोन-दोनच्या जोडीने खोचलेल्या, मध्ये काही पावलांचं अंतर. नवख्या माणसाला वाटेल, कुणीतरी जमिनीची मोजणी करतंय. खरं तर त्या दोन काड्यांच्या मध्ये गवतात एक घरटं असतं, त्यात चार हिरवट-तपकिरी अंडी. ट्रॅक्टरवाल्याने तेवढा तुकडा सोडून गवत कापावं, म्हणून ही खूण.

'इथे' म्हणजे नेदरलँड्सच्या उत्तरेला, फ्रीसलँडमध्ये. आणि घरटं ग्रुट्टोचं, म्हणजे काळ्या शेपटीच्या गॉडविटचं. लांब पाय, जवळजवळ दहा सेंटीमीटरची सरळ चोच, आणि वीण चालू असताना विटकरी रंगाची मान. हिवाळ्यात तुम्ही भिगवणला गेला असाल तर हा पक्षी नक्की पाहिला असेल, फक्त तिथे तो राखाडी कपड्यांत असतो. (भिगवणचे गॉडविट मात्र इथून येत नाहीत. ते पार पूर्वेकडच्या, मध्य आशिया-सायबेरियाच्या बाजूच्या कुरणांतून येतात. इथले हिवाळ्यात स्पेन-पोर्तुगालला किंवा पश्चिम आफ्रिकेतल्या भातखाचरांत जातात.)

काड्या लावणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. निवृत्त शिक्षक, पोस्टमन, शेतकरी स्वतः. फ्रीसलँडमध्ये टिटवीच्या युरोपियन बहिणीचं वर्षातलं पहिलं अंडं शोधण्याची जुनी हौस आहे. पूर्वी ती अंडी उचलून खायचे, आता फक्त शोधायची, हात लावायचा नाही. ज्यांची नजर अंडी उचलण्यासाठी तयार झाली, त्यातलेच कितीतरी जण आज घरटी राखतात. मला ही गोष्ट फार आवडते.

तरीही पक्षी कमी होतायत. १९६०च्या दशकात या देशात ग्रुट्टोच्या सुमारे १,२०,००० जोड्या होत्या, आता ३०,०००च्या आसपास. २०१५ साली लोकांनी मतदान करून याला राष्ट्रीय पक्षी निवडलं, तेव्हाही आकडा खालीच चालला होता. पश्चिम युरोपातले बहुतांश ग्रुट्टो याच देशात अंडी घालतात, त्यामुळे इथे हरलो तर दुसरीकडे भरून निघेल असंही नाही.

मग काड्या लावून घरटी वाचतात, तरी पक्षी का घटतात? माझी पीएचडी साधारण या एका प्रश्नाभोवती फिरते. आईला मी फोनवर सांगते, "पिल्लं मोजते." ती म्हणते, "त्यासाठी एवढ्या लांब?"

आधी एक ढोबळ गणित करू, कारण सगळी मेख त्यात आहे. समजा एका भागात १०० ग्रुट्टो आहेत, म्हणजे ५० जोड्या. मोठा झालेला ग्रुट्टो चिवट असतो. वर्षाला साधारण १५ टक्के मरतात, ८५ टक्के पुढच्या वसंतात परत येतात. म्हणजे संख्या टिकवायला दरवर्षी १५ नवे पक्षी हवेत. उडायला लागलेल्या पिल्लांपैकी निम्मी वीण करण्याच्या वयापर्यंत पोहोचतात असं धरू. म्हणजे ५० जोड्यांनी मिळून ३० पिल्लं उडवायला हवीत, दर जोडीमागे ०.६. चार अंडी घालणाऱ्या पक्ष्याला हे फार अवघड वाटत नाही, हो ना?

आता समजा त्याच्या निम्मीच पिल्लं उडाली. पुढच्या वर्षी १००चे ९२-९३ होतील. हे कुणाच्या लक्षात येणार आहे? बांधावर उभं राहून पाहिलं तर कुरण भरलेलंच दिसतं. तीच जोडपी, तोच आवाज, तितक्याच काड्या. पण असं दहा वर्षं चाललं तर १००चे ४६ उरतात. आणि त्या दहा वर्षांत शेतकरी अगदी प्रामाणिकपणे म्हणत असतो, "माझ्याकडे अजून भरपूर आहेत."

त्यात हे पक्षी जागेला चिकटून असतात. एकदा जिथे घरटं केलं त्याच्या आसपासच दरवर्षी येतात, मधल्या काळात कुरण बिघडलं तरीही. एखादं घर म्हाताऱ्या माणसांनी भरलेलं असावं आणि पाळण्याची दोरी हललेलीच नसावी, तसं. त्यामुळे घरटी दिसतात म्हणजे कुरण चांगलं, हा निष्कर्ष काढता येत नाही. युरोपभरच्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २०१२ साली हेच दिसलं होतं: कुरणातल्या या पक्ष्यांमध्ये मोठ्यांचं जगणं घटलेलं नाही, पिल्लं वाचणं घटलंय.

तर पिल्लांकडे येऊ. ग्रुट्टोची पिल्लं चिमणीच्या पिल्लांसारखी चोच वासून बसत नाहीत. कोंबडीच्या पिल्लांसारखी असतात. अंड्यातून बाहेर आली की दिवसभरात घरटं सोडतात आणि स्वतःच खायला लागतात. आईबाप ऊब देतात, राखण करतात, पण भरवत नाहीत. मोठे पक्षी ओल्या मातीत चोच खुपसून गांडुळं काढतात. पिल्लाची चोच असते एवढीशी. ते गवताच्या पात्यांवरचे, फुलांवरचे किडे टिपतं, दिवसाला हजारो. उडायला साधारण २५ दिवस लागतात. हे २५ दिवस घरट्यात नाही, गवतात जातात. आणि आपण काड्या कुठे लावल्या? घरट्याला!

आता ते गवत बघा. जुन्या कुरणात पिवळी बटरकपची फुलं असायची, आपल्या चुक्याच्या जातीतलं सॉरेल असायचं, गवत विरळ आणि वेगवेगळ्या उंचीचं. पिल्लाला त्यातून चालता यायचं आणि किडे चोचीच्या उंचीवर मिळायचे. आजच्या डेअरीच्या कुरणात एकटं रायग्रास असतं, भरपूर खत पिऊन दाट झालेलं. माणसाला ते हिरवंगार, छान दिसतं. मलाही पहिल्या वर्षी दिसलं होतं. पिल्लासाठी ती भिंत असते, आणि भिंतीवर मोजके बारीक किडे. पाऊस-गारठा असेल तर लहान पिल्लाला सारखं आईच्या पोटाखाली शिरावं लागतं, खायला वेळ उरत नाही.

त्यात कापणी. पूर्वी वाळल्या गवतासाठी कापणी जूनमध्ये व्हायची. आता मुरघास करतात, त्यासाठी गवत कोवळंच हवं. चर खोल करून जमिनीतलं पाणी उतरवलेलं असतं, त्यामुळे ट्रॅक्टर लवकर आत जाऊ शकतो. पहिली कापणी मेच्या सुरुवातीला, कधी एप्रिलच्या शेवटीच. अंडी फुटतात मेच्या मध्याच्या आगेमागे. म्हणजे पिल्लू बाहेर येतं तेव्हा त्याच्या घरट्याभोवती काड्यांमधला एक झुबका उभा असतो आणि चहूबाजूंना सपाट जमीन. वरून घार-बगळ्यांच्या नजरेला ते ताटात वाढल्यासारखं. इथे पिल्लांना छोटे रेडिओ ट्रान्समीटर लावून अभ्यास झालाय. त्यात बहुतेक मृत्यू शिकारी पक्षी-प्राण्यांमुळे झालेले आढळले, यंत्राखाली सापडलेली पिल्लं त्या मानाने कमी. हे वाचून काही लोक लगेच म्हणतात, "बघा, दोष कोल्ह्याचा, शेतीचा नाही." पण कापलेल्या गवतात लपायला जागाच नसते, आणि उपाशी पिल्लू उघड्यावर जास्त वेळ हिंडतं. कोल्हा शेवटचा घास घेतो, एवढंच.

मग सरकार कापणी उशिरा करायचे पैसे देत नाही का? देतं, बऱ्याच वर्षांपासून. पण २००१ साली डाविड क्लाइन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक निबंध छापला आणि इथे चांगलीच खळबळ उडाली. करार केलेली शेतं आणि शेजारची बिनकराराची शेतं त्यांनी ताडून पाहिली. करारवाल्या शेतांत पक्षी जास्त नव्हतेच, उलट अशा काही पाणपक्ष्यांच्या बाबतीत कमी दिसले. एक शक्यता अशी: करारात खत कमी केलं, त्यामुळे गांडुळं कमी झाली, आणि पाणी मात्र पूर्वीसारखंच खोल राहिलं. फक्त तारीख बदलली, कुरण तेच.

आता जिथे पिल्लं उडतात तिथे काय असतं ते बऱ्यापैकी कळलंय. वसंतात चरांमधलं पाणी वर चढवलेलं. काही तुकड्यांत घोटाभर उथळ पाणी साचू दिलेलं. स्लरीऐवजी पेंढा मिसळलेलं शेणखत (आपल्याकडच्या शेतकऱ्याला यात काय नवीन, असं वाटेल). फुलांचं मिश्र गवत, जूनच्या मध्यापर्यंत उभं. आणि हे एखाद्या शेतात नाही, लागून लागून असलेल्या अनेक शेतांत, कारण पिल्लांचं कुटुंब कित्येकशे मीटर चालत जातं आणि त्याला सातबारा कळत नाही.

अडचण पैशाची आहे. जूनमधलं गवत निबर असतं, त्यात प्रथिनं कमी, त्यावर गाय कमी दूध देते. मग विकतचा खुराक आणा. ज्याच्या डोक्यावर गोठ्याचं कर्ज आहे त्याला "फुलं येऊ द्या" सांगणं मला तरी जड जातं.

मागच्या वर्षी एका वयस्कर शेतकऱ्याला हे गणित समजावलं. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणते. त्यांनी कितीतरी वर्षं स्वतः काड्या लावल्यात, वहीत प्रत्येक घरट्याची नोंद आहे, अंडी फुटली की बरोबरची खूण. मी विचारलं, उडालेल्या पिल्लांची नोंद आहे का? ते बराच वेळ वही चाळत राहिले. मग म्हणाले, "तो रकानाच नाहीये." थोड्या वेळाने चहा ओतताना विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं मी फुकटच चाललो का गवतातून?"

नाही. अंडी वाचली नसती तर पिल्लांचा प्रश्नच आला नसता. काड्या हव्यातच. पण काड्यांवर थांबलो, हे खरं. मी असंच काहीतरी म्हणाले, माझ्या तोडक्यामोडक्या डचमध्ये. त्यांचं समाधान झालं असं वाटलं नाही.

पिल्लं मोजायची पद्धत सोपी आहे, तुम्हालाही जमेल. गवतात लपलेली पिल्लं दिसत नाहीत, म्हणून आईबापांचा आवाज मोजायचा. आपल्याकडे माळावर टिटवीच्या पिल्लांजवळ गेलात की ती कशी डोक्यावर घिरट्या घालत ओरडते? ग्रुट्टोही तसाच बोंब ठोकतो. एप्रिलमध्ये किती जोड्या होत्या ते आधी लिहून ठेवायचं. मेच्या शेवटी-जूनच्या सुरुवातीला त्यातल्या किती अजून ओरडतायत ते बघायचं. शांतता असेल तर बहुतेकदा पिल्लं गेली.

यंदा काकांनी घरामागची दोन शेतं १५ जूनपर्यंत कापायची नाहीत असं ठरवलंय, आणि एका चराला फळी लावून पाणी अडवलंय. शेजाऱ्याने अजून होकार दिलेला नाही. दोन शेतांत मिळून ११ जोड्या आहेत. आज सकाळी नऊ ओरडत होत्या. काकांनी वहीत नवा रकाना आखलाय, त्यात ९ लिहिलंय, पेन्सिलने.